सातच्या पुढची जागा

डिसेंबर उजाडला की चोपड्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, संध्याकाळी धुराचा एक पट्टा जमिनीलगत आडवा पसरतो. नवख्या माणसाला वाटते, कुठे तरी आग लागली. तसे काही नसते. पारा उतरू लागला की केळीला थंडी बाधते, म्हणून शेतकरी बांधांवर ओलसर काडीकचरा पेटवून ठेवतात. धुराचे पांघरूण बागेवर राहिले, की गारठा थोडा सोसवतो. मी इंग्रजीची शिक्षिका. शेतीतले मला कामापुरतेच कळते. पण हा वास नाकाशी आला की केळी आठवण्याआधी मला एक फॉर्म आठवतो, आणि त्या फॉर्मवर माझ्याच हाताने एकाखाली एक भरलेले सातचे आकडे.

यंदाही धूर आला आहे. आणि नेमका याच आठवड्यात, टेबलावर अकरा पानांचा एक निबंध येऊन पडला आहे. तीन हिवाळ्यांपूर्वी माझ्या बारावीच्या वर्गात असलेल्या हर्षदाने तो तिच्या दूरदेशीच्या कॉलेजातून पाठवला. मी येथे छापून घेतला. सोबत एवढाच मजकूर : ‘मॅडम, इथल्या प्राध्यापकांनी गुण दिले आहेत. ते सांगत नाही. तुम्ही किती द्याल?’ चार दिवस झाले, लाल पेन शेजारी ठेवले आहे. टोपण काढले नाही.

या विलंबाचे कारण समजण्यासाठी आधी सातचा आकडा समजला पाहिजे.

माझे वडील, नाना, धुळ्याच्या एका शाळेत शिक्षक होते. निबंधाला दहापैकी सातच्या वर गुण त्यांनी कधीही दिले नाहीत. वर्गातल्या मुलांना नाही आणि पोटच्या पोरीलाही नाही. मी आठवीत असताना एकदा रडत विचारले होते, “नाना, माझी एकही चूक नाही. मग तीन कुठे गेले?” वहीवरून नजर न काढता ते म्हणाले, “गेले नाहीत, पुढे आहेत. तुला चालायला जागा नको का?” तेव्हा मला त्यांचा फार राग आला. पुढे मी शिक्षिका झाले, पहिल्या वर्षीच्या वह्या तपासायला घेतल्या, आणि हात आपोआप सातपाशी थांबला. त्याला आता पंचवीसहून अधिक वर्षे झाली. बोर्डाच्या परीक्षेत गुणांची लयलूट होते, हे मला ठाऊक आहे. माझ्या वहीत होत नाही. आमच्या ज्युनियर कॉलेजातल्या मुलांनाही हे ठाऊक असते. पाच मिळाले की ती खूश असतात, सहा मिळाले तर वही शेजारच्याला दाखवतात. सात एखाद्या वर्षी कुणाला मिळतात, एखादे वर्ष कोरडे जाते.

हर्षदाला अकरावीतच सात मिळाले.

ती पायथ्याच्या गावातून एसटीने येई. गणवेशावर घरी विणलेला विटकरी स्वेटर, आणि दप्तरात नेहमी एक वेगळी वही. वडील भगवानभाऊ यांची केळीची थोडी बाग, आणि उरलेल्या दिवसांत ते दुसऱ्यांच्या बागांतला माल पॅकिंगच्या शेडवर नेण्याचे काम करीत. शेडवर दिल्ली, पंजाब, राजस्थानकडे जाणारे ट्रक उभे असत. ही मुलगी वडिलांचा डबा घेऊन जाई आणि एकेका ड्रायव्हरला एकच प्रश्न विचारी : “जे केळं आज खाऊ नये, उद्या खावं, त्याला तुमच्या गावी काय म्हणतात?” उत्तरे वहीत. कोणाच्या भाषेत त्याला स्वतंत्र शब्द होता, कोणाला अख्खे वाक्य लागे, एकाने नुसता अंगठा दाबून दाखवला होता. तिने त्याचा तक्ता केला होता, आडव्या रकान्यात गावे, उभ्या रकान्यात पिकण्याचे दिवस. गणितात ती वर्गात पहिली होती, आणि तिला गणित व भाषा ही दोन्ही एकत्र शिकायची होती. “मॅडम, असं कुठे शिकवतात?” या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. आम्ही दोघींनी ते शोधले.

येथे थोडे समजावून सांगते. काही कॉलेजे अशी असतात, की तेथे पहिल्याच दिवशी तुमच्यावर एका विषयाचा शिक्का मारत नाहीत. गणित घेणारी मुलगी तेथे व्याकरण शिकते, इतिहासाचा विद्यार्थी तारे पाहतो, आणि दोन वर्षांनी ज्याचे त्याने ठरवायचे. त्यांना लिबरल आर्ट्स कॉलेजे म्हणतात. वर्ग लहान आणि जागा थोड्या असतात, आणि प्रवेश केवळ गुणांवर मिळत नाही. निबंध, शिक्षकांची पत्रे, शाळेची माहिती, सारे पाहतात. आम्ही सहा निवडली, चार परदेशातली, दोन आपल्याकडची. सहाही ठिकाणी पूर्ण शिष्यवृत्तीची सोय होती. ती मिळाली तरच जाणे शक्य होते.

स्टाफरूममध्ये ही बातमी चहाबरोबर फिरली. “आर्ट्सला जायला अमेरिका कशाला हो, मॅडम? आपल्या चोपड्यात आर्ट्स आहे की!” आणि सगळे हसले. भगवानभाऊंच्या गल्लीतही हेच. पारावरच्या मंडळींनी त्यांना अहिराणीत विचारले, “आर्ट्स शिकाले इतलं दूर कसाले? पोरगी काय नाटकमा काम करनार शे?” भगवानभाऊ म्हणाले, “करी बी. तुमले पुढली खुर्ची ठेवसू.”

तिच्या बारावीच्या नोव्हेंबरात हर्षदा, भगवानभाऊ आणि मी असे तिघे जळगावला गेलो. तेथे परदेशी प्रवेशांचे मार्गदर्शन करणारा एक तरुण सल्लागार होता. नम्र आणि हुशार. त्याच्याविषयी मला आजही तक्रार नाही. त्याने हर्षदाची गुणपत्रके पाहिली, संगणकावर काही भरले आणि एक तक्ता छापून पुढे ठेवला. तीन गट : खात्रीची कॉलेजे, बरोबरीची कॉलेजे, आणि हात पोचण्यापलीकडची कॉलेजे. पहिले दोन गट रिकामे. आमची सहाही तिसऱ्यात, आणि प्रत्येकासमोर ‘शक्यता’ या रकान्यात एकच शब्द, ‘अत्यल्प’, सहा वेळा.

“कारण?” मी विचारले.

“मॅडम, मुलगी चांगली आहे. पण तुमच्या कॉलेजमधून आजपर्यंत कुणी अर्जच केलेला नाही. तिकडच्यांना तुमचं कॉलेज माहीत नाही. इतिहास शून्य आहे.”

“शून्य आहे म्हणून अर्ज करतोय,” मी म्हणाले. “एक झाल्यावर केला असता तर ती दुसरी ठरली असती.”

तो हसला. मग त्याने तिचा निबंध वाचला, ट्रकवाल्यांच्या शब्दांचा. “छान आहे. पण यात संघर्ष कुठे आहे? केळीवर करपा आला, वडील खचून गेले, असं काही घालता येईल का? ते वाचणाऱ्याला भिडतं.”

हर्षदाने वडिलांकडे पाहिले आणि सरळ उत्तर दिले. “करपा आला होता, सर. बाबा खचले नाहीत. त्यांनी फवारणी केली.”

निबंध बदलला नाही. ‘अत्यल्प’चा तो कागद मात्र मी मागून घेतला आणि घरी आल्यावर कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. रोज साडी काढताना तो दिसे, आणि रोज मला नव्याने चीड येई. त्या चिडीला शब्द सापडायला काही दिवस लागले. एखाद्या मुलीची शक्यता मोजताना तिच्या आधी कोण गेले ते मोजायचे, ही रीत मला मान्य नव्हती. रस्ता आहे की नाही एवढेच त्या तक्त्याला कळत होते. पाय कसे आहेत याचा त्यात रकानाच नव्हता.

याच दिवसांत भगवानभाऊंनी मला शेतात भरीत खायला बोलावले. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर हिरवी लांबट वांगी भाजली जात होती; साल तडकून आतला रस काड्यांवर पडला की चर्रर्र आवाज होई. त्याआधी त्यांनी मला शेड दाखवली. घडाच्या फण्या सुट्या करून, टाकीत धुऊन, एक माणूस प्रत्येक फणी उचलून बघत होता. छोट्या मापाने जाडी तपासायची, साल निरखायची, आणि डाग असला तर फणी बाजूला. खोक्यातली फणी परदेशी जाणार, बाजूची आठवडे बाजारात.

“बठ्ठा डाग सालवर शे, मॅडम,” भगवानभाऊ म्हणाले. “थंडीमा साल काळी पडस. मझार केळं तसंच राहस.” बठ्ठा म्हणजे सगळा, मझार म्हणजे आत; आणि बाजूला टाकलेल्या फणीतले एक केळे सोलून त्यांनी माझ्या हातात दिले. ते गोड होते. त्यात काही सिद्ध करण्यासारखे नव्हते. तरी मी ते तेथेच, त्या तपासणाऱ्या माणसाच्या समोर उभी राहून, पूर्ण खाल्ले.

मग फॉर्म आला. सहाही कॉलेजांना मिळून शिक्षकाने भरायचा तो एकच ऑनलाइन फॉर्म होता. जिज्ञासा, लेखन, स्वतंत्र विचार, चिकाटी, वर्गातील सहभाग. प्रत्येकासमोर दहापैकी गुण द्यायचे. मी रविवारी सकाळी पूजा आटोपून बसले. प्रत्येक ओळीवर विचार केला. जिज्ञासा, सात. लेखन, सात. स्वतंत्र विचार, सात. चिकाटी, सात. वर्गातील सहभाग, सहा, कारण ती बोलण्याआधी फार वेळ घेई आणि मी प्रामाणिक होते. खाली शंभर शब्दांचे निवेदन लिहिले आणि बटण दाबले. तो संपूर्ण दिवस मी समाधानात होते. एका फॉर्मवर चार सात मी आयुष्यात कधी दिले नव्हते.

तिसऱ्या दिवशी सल्लागाराचा फोन आला. सगळी कागदपत्रे पोचली का, हे तो पाहत होता. “मॅडम, तुम्ही गुण चांगले दिलेत ना?”

“फार चांगले,” मी अभिमानाने म्हणाले. “चार ठिकाणी सात.”

तो हळू आवाजात म्हणाला, “मॅडम, तिकडे सगळे शिक्षक नऊ नाहीतर दहा देतात. ज्या मुलाला शिक्षकाने नाइलाजाने शिफारस दिली, त्याला सात देतात. सात वाचून ते पुढचं पान उलटणार पण नाहीत.”

“दुरुस्त करता येईल?”

“एकदा पाठवलेला फॉर्म परत उघडत नाही.”

‘अत्यल्प’ हा शब्द मी कपाटाच्या आत कोंडून ठेवला होता, आणि त्याला खरे करण्याची व्यवस्था मीच माझ्या हाताने, एक बटण दाबून, केली होती. ती मुलगी दीड वर्ष जे करीत होती, त्यावर मी एका सकाळीत डाग पाडला होता.

दुसऱ्या दिवशी एसटीने हर्षदाच्या गावी गेले. अंगणातच, बसण्याआधी, दोघांना सांगून टाकले. हर्षदा स्वेटरची बाही ओढत उभी राहिली. चेहरा उतरला होता. तिने तो लपवला नाही आणि मला धीरही दिला नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे. भगवानभाऊंनी मात्र विचारले, “सातच दिधात ना? सहा तर नही?”

“एका ठिकाणी सहा.”

“ते बोलत नही म्हनीसन व्हई,” त्यांनी मान हलवली. “मॅडम, तुमना सात माले मालूम शे. अकरावीमा तिले सात मिळनात, तवय आम्ही गल्लीमा पेढा वाटेल शेतस.”

हे मला ठाऊक नव्हते. पंचवीस वर्षे मी गुण देत होते. ते घरी पोचल्यावर त्यांचे काय होते, हे मला कोणी सांगितले नव्हते.

“मॅडम,” हर्षदा पहिल्यांदाच बोलली, “हे त्यांना सांगा ना.”

सल्लागाराचा सल्ला वेगळा होता. सहाही कॉलेजांना स्वतंत्र ई-मेल पाठवायचा, आकडे चुकीने पडले, कृपया सगळीकडे दहा धरावेत, असे लिहायचे. तो हितासाठीच सांगत होता. पण आकडे चुकीने पडले नव्हते. मी ते विचार करून दिले होते, आणि ते खरे होते. माझा सात लहान आहे असे लिहून देणे म्हणजे नानांपासून माझ्यापर्यंत तपासलेली प्रत्येक वही खोटी ठरवणे होते, आणि गल्लीत वाटलेले पेढेही. मोजपट्टी त्यांची निराळी असेल. मग माझी मोजपट्टीच त्यांच्यापुढे ठेवायची, असे मी ठरवले.

गुणांच्या जुन्या नोंदवह्या काढल्या. माझ्या पंचवीस वर्षांतल्या निवडक पानांच्या प्रती काढल्या, त्यांवर सात जेथे होते तेथे बारीक रेघ ओढली. रेघा फारच थोड्या होत्या. त्यांना जोडून एक पानी पत्र लिहिले. माझ्या हिशेबात सात म्हणजे काय, हे सांगितले. सातच्या वर मी कोणालाही का देत नाही, हे सांगितले. आणि ज्या दिवशी या मुलीला सात मिळाले, त्या दिवशी तिच्या गल्लीत मिठाई वाटली गेली, हेही लिहिले. शेवटचे वाक्य असे होते : ‘मी गुण बदलण्याची विनंती करीत नाही, ते नीट वाचण्याची करते.’

प्रत्येक पानावर कॉलेजचा गोल शिक्का हवा, असा माझा आग्रह. प्राचार्यांनी शाईचे पॅड उघडता उघडता विचारले, “मॅडम, अमेरिकेत आपला गोल शिक्का चालेल का?”

“चालवून घेतील, सर.”

“मग दोनदा मारा,” ते म्हणाले.

ती पाने स्कॅन करून जोडली, आणि सहा ई-मेल गेले. जानेवारी थंडीत गेला, फेब्रुवारीत बागांवरचा धूर थांबला, आणि मार्चच्या अखेरीस निकाल येऊ लागले. पहिला नकार. दुसरा. तिसरा. हर्षदा प्रत्येक वेळी वर्गाबाहेर थांबून एका वाक्यात सांगे आणि बस पकडायला जाई. चौथा. आपल्याकडच्या दोनपैकी एकाने प्रतीक्षायादीत ठेवले. पारावर आता कोणी विचारतही नव्हते. राहिले एक परदेशातले, सर्वांत लहान, तक्त्यात सर्वांत खाली असलेले.

तेथून होकार आला, शिष्यवृत्तीसह.

वाचकांना वाटेल, माझ्या पत्राने काम केले. मलाही आठवडाभर तसेच वाटले, आणि मी ते दोन-तीन जणांना सांगितलेही. पुढे कागदपत्रे आवरताना लक्षात आले, की त्या कॉलेजला पाठवलेला माझा ई-मेल पोचलाच नव्हता. पत्ता जुना होता. न पोचल्याची सूचना एका कोपऱ्यात पडून होती, मी ती पाहिली नव्हती. म्हणजे ज्या पाच ठिकाणी शिक्का, रेघा आणि पेढे पोचले, त्यांपैकी चारांनी नाही म्हटले आणि एकाने ताटकळत ठेवले. आणि जेथे नुसते सात गेले, कसल्याही खुलाशाशिवाय, तेथे कोणी तरी पुढचे पान उलटले होते. पुढच्या पानावर तिचा ट्रकवाल्यांचा निबंध होता.

त्याचा अर्थ काय लावायचा? शिक्षक म्हणून मी कारणे शोधत आले. येथे मी शोधत नाही. सल्लागाराच्या तक्त्यातला शब्द सहापैकी चार वेळा खरा ठरला, हे मी मान्य करते. त्याचे गणित चुकले नव्हते. पण तो शब्द वाचून हर्षदा जळगावहूनच मागे फिरली असती, तर तो सहापैकी सहा वेळा खरा ठरला असता. या तक्त्यांचे यश पुष्कळदा अशाने वाढते. म्हणून ज्या मुली आज माझ्यापुढे असे कागद घेऊन येतात, त्यांना मी एकच सांगते : तक्ता जरूर वाचा, आणि मग अर्ज भरायला बसा. यंदा दोघी आहेत. त्यांच्या फॉर्मवर मी पुन्हा सात लिहिले आहेत, एकीला एका ठिकाणी पाच. नोंदवहीची पाने मात्र आता आधीच जोडते, आणि पत्ते तीनदा तपासते.

आज दुपारी अखेर लाल पेनाचे टोपण काढले. हर्षदाचा अकरा पानांचा निबंध मोजण्याविषयी आहे. जगातल्या वेगवेगळ्या भाषांत माणसे ‘थोडेसे उरले आहे’ हे कसे सांगतात, याचा तिने शोध घेतला आहे, गणिताने आणि शब्दांनी. तिसऱ्या पानावर एक परिच्छेद जागा चुकून बसला आहे. समासात बाण काढला. सातव्या पानावर ती घाईत आहे. पण नवव्या पानावर शेडवरचा तो अंगठा दाबून दाखवणारा ड्रायव्हर परत येतो, आणि तेथे मी पेन खाली ठेवून खिडकीबाहेर पाहत राहिले. धूर नुकताच उठू लागला होता.

मी साडेसात दिले. फोटो काढून तिला पाठवला.

तासाभरात फाटक वाजले. भगवानभाऊ होते, मफलर कानांवरून घट्ट बांधलेला, मोटारसायकल चालूच. त्यांनी मिठाईचा लहानसा खोका माझ्या हातात ठेवला.

“पोरीना फोन वना,” ते म्हणाले. “अर्धा वाढना ना? म्हनीसन अर्धा किलो.”

मी एक पेढा घेतला, एक त्यांना दिला. उरलेल्या अडीच गुणांचा विषय आम्हा दोघांपैकी कोणीही काढला नाही.